रहिमतपुरात राहून ऑनलाइन संगीत शिकता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रहिमतपूरला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी शाळेत असताना गायनाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’ या सुरुवातीच्या पायरीपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. मग पंधरा वर्षे गाणे सुटले. आता एका विद्यापीठाचा संगीताचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांच्या पाहण्यात आला आहे. तो केला तर गाणे येईल का, आणि पुढे शाळेत संगीत शिकवता येईल का, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: गळ्यात गाणे उतरणे, परीक्षा पास होणे आणि नोकरीच्या अर्जाला जोडता येईल अशी पदवी मिळणे. जाहिरातीत ही तिन्ही एकाच ओळीत असतात, पण प्रत्यक्षात त्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि फी भरून पस्तावणारे बहुतेक लोक याच घोळात अडकलेले असतात. एका कोर्सने तिन्ही कामे होतील ही अपेक्षा आधी सोडून द्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतील.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. पंधरा वर्षांनंतर सूर किती टिकला आहे, आवाज कोणत्या पट्टीत बसतो (म्हणजे ‘सा’ कुठे धरता), आठवड्याला खरोखर किती तास मोकळे मिळतात, आणि गाडीने तासाभराच्या अंतरावर एखादे चांगले गुरुजी किंवा बाई आहेत का, या चार उत्तरांवर पुढचे बरेच काही फिरेल.

आधी कोर्स काय देतो ते बघू. शास्त्र, इतिहास, घराणी, थाट, रागवर्गीकरण, तालांची रचना, वाद्यांची माहिती आणि मोठ्या गायकांचे ध्वनिमुद्रण कसे ऐकावे, हे सगळे ऑनलाइन उत्तम शिकता येते. उलट गावातल्या क्लासपेक्षा जास्त नीट शिकता येते, कारण आपल्याकडच्या बहुतेक क्लासांत शास्त्राची वही परीक्षेच्या आधी महिनाभरच उघडते. केंद्र सरकारच्या स्वयम मंचावर असे कोर्स फुकट असतात. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमात आयआयटी मद्रासचा हिंदुस्थानी संगीताच्या रसग्रहणाचा कोर्स झालेला आहे. त्यांची पद्धत अशी: स्वाध्यायाला 25 गुण, परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण लागतात. शिकणे मोफत, परीक्षेला मात्र शुल्क भरून ठरलेल्या केंद्रावर जावे लागते. बारा आठवड्यांचा कोर्स तीन श्रेयांकांचा धरतात. नोकरी सांभाळून तुम्ही एका वेळी असा एकच घ्या. एका सत्रात तीन-चार कोर्सना नाव नोंदवणाऱ्यांचे पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत सगळेच सुटते.

आता कोर्सला काय जमत नाही, ते भूप आणि देशकार या जोडीवरून लक्षात येईल. दोन्ही रागांत स्वर तेच: सा रे ग प ध. भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागाचा मूळ स्वरसमूह), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा. देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत (ध), सकाळचा. कोर्सच्या चाचणीत ‘भूपाचा वादी कोणता’ असे विचारतील, तुम्ही ‘गंधार’वर टिचकी माराल आणि पूर्ण गुण मिळतील. पण संध्याकाळी भूप गाताना धैवतावर थोडे जास्त थांबलात, पंचमावरून उठून पुन्हा पुन्हा धैवतावर आलात, की भूपाचा देशकार होतो. तो झाला हे चाचणीला कळत नाही, व्हिडिओतल्या प्राध्यापकांनाही कळत नाही. ते ओळखायला तुमचे गाणे ऐकणारा जिवंत कान लागतो. म्हणून फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: माझे गाणे कोण ऐकणार, किती वेळ, आणि एका तासाला किती जणांचे? तीस जण झूमवर, सगळ्यांचे माइक बंद, असा वर्ग असेल तर ते व्याख्यान आहे, तालीम नव्हे. गायनाची तालीम एका वेळी एकाची, फार तर तिघांची होते.

मग ऑनलाइन तालीम होतच नाही का? होते, पण तिची मर्यादा कुठे आहे ते समजून घ्यावे लागते. पहिली मर्यादा वेळेची. आवाज इथून तिथे जाऊन परत येईपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास सहज जातो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे अर्धी मात्रा तारेतच संपली. एकत्र गाण्यावाजवण्यासाठी हा उशीर साधारण 25-30 मिलिसेकंदांच्या आत लागतो. त्यामुळे गुरुजी ठेका धरतील आणि तुम्ही बंदिश म्हणाल, हे ऑनलाइन शक्य नाही. प्रयत्न केलात तर गुरुजींना तुम्ही सतत मागे पडताना ऐकू याल, तुम्ही त्यांच्यासाठी थांबाल, ते तुमच्यासाठी थांबतील आणि लय खाली खाली जाईल. ताल तुमच्या खोलीत, तुमच्या बाजूला वाजला पाहिजे. गुरुजींनी फक्त ऐकायचे. आणि त्यांनी म्हणायचे, मग तुम्ही म्हणायचे, असे आलटून पालटून.

दुसरी मर्यादा आवाजाच्या प्रक्रियेची. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात. झूमसारखी ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. एका पट्टीत सतत चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असे ती धरून चालतात आणि तो दाबून टाकतात. आता विचार करा, एका पट्टीत सतत चालणारा आवाज संगीतात कोणता? तानपुरा. आणि खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, लांब ‘आ’कार. तुम्ही मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमावर दहा सेकंद स्थिर उभ्या राहता, आणि तिकडे चौथ्या-पाचव्या सेकंदाला आवाज विरून जातो. समोरचे गुरुजी म्हणतात, ‘दमसास कमी पडतोय.’ दमसास पुरेसा आहे, आवाज ॲपने खाल्ला आहे. त्यातच दुसरी यंत्रणा हळू आवाज उचलते आणि मोठा दाबते, त्यामुळे स्वराचा लगाव (तो लावण्याची धाटणी), स्वर हळूच सोडणे, यातले काहीच पोहोचत नाही.

उपाय साधा आहे. झूमच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ही चालू करा. ‘इको कॅन्सलेशन’ बंद करा, पण मग हेडफोन लावणे सक्तीचे, नाहीतर आवाज घुमत राहील. हा पर्याय सेटिंगमध्ये मंजूर केल्यावर वर्ग सुरू झाल्यानंतर पडद्यावरच्या बटणावरूनही चालू करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. गुरुजींनीही त्यांच्या बाजूला हेच करायला हवे. ही सोय मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर नीट चालते.

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमुळे उशीर आणखी वाढतो, आणि त्याचा माइक चालू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा पातळ होतो. एकच कान झाका, दुसरा मोकळा ठेवा, म्हणजे स्वतःचा सूर खोलीत ऐकू येतो. दोन्ही कान झाकून गाणारी माणसे हमखास चढतात किंवा उतरतात.

तानपुऱ्याचे ॲप दुसऱ्या फोनवर लावा. घरात जुना फोन पडलेला असतोच. कारण झूम आणि तानपुरा एकाच फोनवर असला, तर फोन स्वतःच्याच स्पीकरचा आवाज माइकमधून वजा करतो. तुम्हाला तानपुरा छान ऐकू येतो, गुरुजींना ऐकूच येत नाही, मग ते तुमचा सूर कशावर तोलणार? दुसरा फोन चार-पाच फुटांवर ठेवा, आवाज इतकाच की गाताना तो मागून जाणवेल. लॅपटॉप दोन-अडीच फुटांवर, छातीच्या उंचीला. खोलीत भिंती उघड्या असतील तर मागे जाड पडदा किंवा दोरीवर दोन गोधड्या टाका, घुमणे लगेच कमी होते.

पट्टीचाही प्रश्न येतो. गुरुजी पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गात असतील आणि तुम्ही काळी चार किंवा काळी पाचमध्ये, तर समोरासमोर बसून ही अडचण निभावते, कारण डोळ्यांसमोर हात हलतो, हार्मोनियमवर बोट दिसते. पडद्यावर नाही निभावत. पहिले सहा महिने गुरुजींनी आलाप तुमच्या पट्टीचा तानपुरा लावून दाखवावा, खालच्या सप्तकात म्हटला तरी चालेल. हे मोकळेपणाने मागा, त्यात कमीपणा नाही. आणि रियाझाला हार्मोनियम सतत सोबत घेऊ नका. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने, चढा असतो. पेटीवर तयार झालेला गळा तानपुऱ्यावर आला की यमनच्या गंधारावरच अडखळतो.

घरच्या सरावाचे ध्वनिमुद्रण गुरुजींना पाठवायचे तर व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजने पाठवू नका, त्यात आवाज फार दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरवर तीन मिनिटे मुद्रित करा आणि ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तीनच मिनिटे. वीस मिनिटांची फाइल कोणी दोनदा ऐकत नाही.

आता एक गोंधळ जो विशेषतः आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना भोवतो. गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, तालीम मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यांच्या परंपरेतले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 मध्ये स्थापन झाले आणि त्याचा कारभार मिरजेशी जोडलेला आहे. तुम्ही शाळेत असताना त्यांच्या परीक्षा दिल्या असतील तर पलुस्कर स्वरलिपी वहीत उतरवली असेल. बहुतेक विद्यापीठीय ऑनलाइन कोर्स विष्णु नारायण भातखंडे यांची स्वर लिहिण्याची पद्धत वापरतात. दोन्हींत खुणा सारख्या दिसतात, अर्थ उलटे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक. तेच टिंब, दोन सप्तकांचा फरक! कोमल स्वर भातखंडे पद्धतीत खाली आडवी रेघ देऊन दाखवतात, पलुस्कर पद्धतीत पाय मोडून. तालात तर आणखी घोटाळा. भातखंडे पद्धतीत फुली म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा) आणि शून्य म्हणजे खाली (टाळी न देता हात मोकळा सोडतात ती मात्रा). पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि खालीला अधिकचे चिन्ह. घाईत लिहिलेली फुली आणि अधिकचे चिन्ह ओळखू येत नाही, आणि मग सम खालीवर जाऊन बसते. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकान्यांत दोन्ही खुणा लिहून ठेवा आणि प्रत्येक बंदिशीच्या वर ‘भा’ किंवा ‘प’ लिहा. इतके केले तरी लेखी पेपरातल्या बऱ्याच चुका टळतात.

कोर्स इंग्रजीतून असेल तर मींड, कण, खटका या स्वर सजवण्याच्या वेगवेगळ्या प्रकारांना एकच ‘ऑर्नामेंट’ शब्द वापरलेला सापडेल. तिथे थांबा, व्हिडिओ मागे घ्या, नेमके काय गायले ते ऐकून आपला शब्द लिहा. व्हिडिओ पाऊण वेगाने लावला तर पट्टी बदलत नाही, फक्त चाल मंदावते. तान उकलायला हे फार उपयोगी आहे.

इथवरचा हिशेब असा: शास्त्र आणि श्रवण कोर्समधून, दुरुस्ती जिवंत कानाकडून, आणि ऑनलाइन तालीम त्या दोहोंच्या मधला दुवा. माझा अनुभव असा की तुमच्यासारख्या अर्धवट सुटलेल्या विद्यार्थ्याला पंधरवड्यातून एकदा समोर बसून दीड तास आणि मधल्या काळात आठवड्याला एकदा 40 मिनिटे ऑनलाइन, हे प्रमाण टिकते. रहिमतपूर पुणे-मिरज लोहमार्गावर आहे, ही तुमची मोठी सोय. सातारा एका बाजूला, कराड, सांगली आणि मिरज दुसऱ्या बाजूला, गाडी बदलावी लागत नाही. रविवारची एक फेरी बसवता येईल का ते आधी बघा, कोर्सचा विचार नंतर.

आता पदवी. इथे भावनेला जागा नाही, कागद तपासायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना दरवर्षी, अभ्यासक्रमाच्या नावानिशी मान्यता पाहावी लागते. मान्य विद्यापीठाने मान्य अभ्यासक्रमातून दिलेली अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. पण अट ‘मान्य’ या शब्दात आहे. विद्यापीठ मान्य असते, त्याचा एमबीए मान्य असतो, संगीताचा अभ्यासक्रम त्या यादीत नसतो, असे होऊ शकते. म्हणून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत आणि प्रवेशाचे सत्र, चारही जुळवून पाहा. संगीतासारख्या प्रात्यक्षिकाच्या विषयात तर हे अधिकच गरजेचे. प्रात्यक्षिक परीक्षा कुठे, समोर की पडद्यावर, हे लेखी विचारा.

गावातल्या एखाद्या ‘केंद्रा’ने बाहेरच्या विद्यापीठाची पदवी मिळवून देतो म्हटले तर पाऊल मागे घ्या. आयोगाला अशी ठेकेदारी मान्य नाही. पदवी एका वर्षात कोणी देत नाही. प्रमाणपत्र आणि पदविका यांना पदवीचे वजन नसते, त्या शिकण्यासाठी जरूर करा. परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स पाश्चात्त्य स्वरलेखन किंवा ध्वनिमुद्रण शिकायला चांगले आहेत, पण त्यांची पदवी इथल्या नोकरीला चालेल असे गृहीत धरू नका.

तुम्ही बँकेत आहात म्हणजे कोणत्या तरी शाखेच्या पदवीधर असाल. मग तुमच्यासाठी नव्याने बीए करण्यापेक्षा दुसरा रस्ता जवळचा वाटतो. प्रवेशिका पूर्णनंतर मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षे. या परीक्षा गावोगावच्या केंद्रांमार्फत होतात, वर्षातून दोन सत्रे असतात आणि प्रात्यक्षिक परीक्षकासमोर बसून द्यावे लागते, म्हणजे तुमचे गाणे कोणीतरी ऐकतेच. अनेक विद्यापीठे कोणत्याही शाखेचा पदवीधर विशारद असेल तर संगीताच्या एमएला प्रवेश देतात. नियम विद्यापीठागणिक बदलतो, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहा. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात आणि तिथे संगीताचा विभाग आहे, चौकशी तिथून सुरू करा. महाविद्यालयात शिकवायचे मनात आले तर एमएला किमान 55 टक्के आणि मग नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, तिथे संगीताचा विषय क्रमांक 16 आहे.

शाळेच्या नोकरीबद्दल एकच सांगतो. खासगी शाळांना बहुधा विशारद चालते, सरकारी जाहिरातीत ‘संगीतातील पदवी’ असे शब्द असतील तर विशारद त्याच्या समान धरतील का, हे त्या जाहिरातीवर ठरते. ‘विशारद म्हणजे बीएच’ हे ऐकीव वाक्य आहे, त्याच्यावर नोकरी सोडू नका.

रोजच्या रियाझाला 40 मिनिटे काढा: दहा मिनिटे खर्ज, दहा अलंकार, पंधरा एकाच रागाला, आणि शेवटची पाच ध्वनिमुद्रण करून ते लगेच ऐकायला. राग पहिले तीन महिने एकच, यमन किंवा भूप. ऐकण्यासाठी तुमच्या जवळच औंध आहे. गायक अंतुबुवा जोशींनी 1940 मध्ये सुरू केलेला तिथला संगीत महोत्सव अजून होतो. मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी सभाही आहे. माइकच्या सेटिंगने जे पोहोचत नाही, ते समोर बसून ऐकल्यावर पुन्हा व्हिडिओतही ओळखू येऊ लागते. म्हणून वर्षातून दोन बैठका तरी प्रत्यक्ष ऐका.

शेवटी तुम्ही विचारले होते की तानपुरा आत्ताच घ्यावा का. सहा महिने थांबा, तोवर ॲप पुरते. पट्टी पक्की झाल्याशिवाय घेतलेला तानपुरा चुकीच्या मापाचा निघतो, कारण पुरुषांच्या खालच्या पट्टीचा भोपळा आणि तारा वेगळ्या, बायकांच्या वरच्या पट्टीच्या वेगळ्या. वेळ आली की गुरुजींना सोबत घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. तिथल्या तानपुऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुकानात बसून तुमच्या पट्टीत तारा लावून घ्या, पहिली तार पंचमावर, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. मग प्रत्येक तार एकटी छेडून, तारेखालचा दोरा थोडा थोडा सरकवून, जवारी (घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागामुळे तारेला येणारी गुंज) कुठे खुलते ते ऐका. चारही तारांची आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) सारखी लांबली आणि खर्जातून गंधार स्वतःहून ऐकू आला, तर तो तानपुरा घ्या. जवारी वाजवून झिजते, ती पुन्हा काढून कोण देईल हेही त्याच वेळी विचारून ठेवा, आणि घरी नेताना भोपळ्याखाली उशी द्या.